आखाड्यातील गुरुजन

शाळा उघडून आठ दिवसही झाले नव्हते. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची आई शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुलगा सातवीतला, अंगाने किरकोळ, परंतु डोळ्यांत विलक्षण चमक असलेला. गावात सायंकाळी तायक्वांदो नावाच्या कोरियन विद्येचा वर्ग निघाला होता आणि तेथे जाण्याचा त्याने ध्यास घेतला होता.

“सर, पोरगं काही आयकत नाही,” बाई म्हणाल्या. “त्याचे बाबा म्हंतात, मारामारी शिकून गुंड होईन. आजीचं म्हननं आनखी वेगळंच. तिथं पोरं मास्तरापुढं कमरेतून वाकतात म्हने. आपन देवाबिगर कोनापुढं वाकत नाही, मंग लेकराले कसं धाडा? तुमीच काय ते सांगा.”

आम्ही त्यांस आठ दिवसांची मुदत मागितली. त्यांस वाटले असावे की, सरांस कामाची गर्दी आहे. खरे कारण निराळे होते. हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी आमच्याच घरात उपस्थित झाला होता आणि त्याचे उत्तर आम्हांस पुस्तकात सापडले नव्हते. ते आखाड्याच्या मातीत सापडले होते. त्या आठ दिवसांत जे मनात आले ते येथे लिहून ठेवीत आहो. आमच्या विद्यार्थ्यांनी ते वाचावेच, पण त्यांच्या आईवडिलांनीही वाचावे, अशी इच्छा आहे.

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. आपल्या जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे चांदूर रेल्वे. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गाने या गावास त्याचे उपनाव दिले. आमचे वडील याच मार्गावर तिकिटघरात कारकून होते. घरात पहाटे प्रार्थना, रविवारी उपासना आणि उरलेला सर्व वेळ गाड्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे, असा आमचा संसार चाले.

शाळेतून घरी येण्याच्या वाटेवर एक आखाडा होता. कौलारू छपराची एक लांबट खोली, समोर अंगण, अंगणात एरंडेल पिऊन काळा झालेला मलखांब, आत तांबड्या मातीचा हौदा आणि भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. बाहेरच्या अर्ध्या भिंतीवर हनुवटी टेकून आम्ही तासन् तास आत पाहत उभे राहत असू. मुले जोर काढीत, बैठका मारीत, मुद्गल फिरवीत, आणि शेवटी उस्ताद स्वतः लाठी हाती घेत. त्या लाठीचा आवाज आजही आमच्या कानांत आहे. ती वाऱ्यात फिरे तेव्हा लाठी दिसत नसे, केवळ एक वर्तुळ दिसे; आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी ते पन्नाशीचे गृहस्थ इतके शांत उभे असत, की जणू लाठी दुसराच कोणी फिरवीत आहे.

घरी हे कळले तेव्हा वडिलांनी साफ मनाई केली. त्यांचे म्हणणे सरळ होते. आखाड्यात शिरणारा प्रथम मारुतीपुढे मस्तक लववितो. आपल्या मुलाने तसे केले तर तो विश्वासाशी बेइमान झाला, आणि न केले तर त्या मंडळींचा त्याने अपमान केला. दोन्ही वाईट, तेव्हा न जाणे बरे. आज वाटते, वडिलांच्या त्या विचारात जेवढा स्वधर्माविषयी आग्रह होता तेवढाच परधर्माविषयी आदरही होता. त्या वयात मात्र आम्हांस केवळ मनाई दिसली. आम्ही भिंतीपाशी उभे राहणे सोडले नाही.

एके दिवशी उस्तादच बाहेर आले आणि म्हणाले, “रोज भितीले काहून चिकटून राहातं, पोट्ट्या? भीत पडन ना! आत ये.” आम्ही रडकुंडीस येऊन वडिलांची अट सांगितली. ते हसले नाहीत. वडिलांस एकदा सवडीने इकडे यावयास सांग, एवढेच म्हणाले.

वडील खरोखरच गेले. पाळीची सुट्टी पाहून, इस्त्रीचा सदरा घालून, जसे कोणा साहेबास भेटावयास जावे तसे गेले आणि आखाड्याच्या पायरीवर बसले. उस्तादांनी पितळेच्या पेल्यातून पाणी आणून दिले. मग म्हणाले, “बाबूसाहेब, मारुती भितीत हाय अन् माती खाली हाय. तुमच्या पोरानं मारुतीले हात नाही जोडले तरी चालते. मातीले हात लावून कपाळाले नाही लावला तरी चालते. पन खोटं बोललं त चालनार नाही, अन् बाहेर कोनावर हात उचलला त पुन्हा पायरी चढू देनार नाही.” वडील बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर आईस एवढेच म्हणाले की, सकाळची प्रार्थना चुकता कामा नये. आम्हांस परवानगी मिळाली ती अशी.

या उस्तादांच्या तोंडी एक नाव वारंवार येई, बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव. त्यांचे गुरू उमेदवारीच्या दिवसांत अमरावतीच्या व्यायाम मंडळातील उन्हाळी वर्गास जाऊन आले होते. तेथून हे नाव त्यांनी आणले असावे. आम्ही मोठे होऊन वाचू लागलो तेव्हा त्या नावाचा मागोवा घेतला, आणि मग कळले की, आमच्या तालुक्याच्या गावातील तो लहानसा आखाडा एका फार मोठ्या झाडाची दूरवरची फांदी होता.

माणिकरावांचे पूर्ण नाव गजानन यशवंत तांबे. बडोदे गुजराथेत; पण गायकवाडांच्या राज्यामुळे तेथे पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आली, त्यांतलेच हे एक. सयाजीराव महाराजांचा तो काळ. ज्या महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या राजधानीत शाळांच्या बरोबरीने आखाडेही गजबजलेले होते. त्यांपैकी एका आखाड्याचे धनी होते जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद. माणिकराव त्यांच्या पायाशी शिकले, त्यांचे पट्टशिष्य झाले आणि गुरूच्या मागे त्यांनी तो आखाडा चालविला. पुढे माणिकरावांची कीर्ती सर्वत्र पसरली. बडोदे दरबाराने त्यांस ‘राजरत्न’ ही पदवी दिली. लोक आदराने त्यांस प्रोफेसर म्हणू लागले. परंतु संस्थेचे नाव राहिले ते जुम्मादादा व्यायाम मंदिर हेच. शिष्याने गुरूच्या नावावर आपले नाव चढविले नाही.

वाचकहो, या एका गोष्टीपाशी क्षणभर थांबावे. मुसलमान गुरू, हिंदू शिष्य, आणि शिष्याच्या साऱ्या आयुष्याच्या कमाईवर गुरूचे नाव! ज्या देशात नावाच्या पाटीवरून भांडणे लागतात, तेथे हे सहज घडले. विद्या देताना जुम्मादादांनी शिष्याचा धर्म पाहिला नाही, आणि ऋण फेडताना माणिकरावांनी गुरूचा धर्म पाहिला नाही. आमचे उस्ताद वडिलांस जे बोलले ते त्यांच्या मनात आयत्या वेळी आलेले नसावे. आखाड्याची ती रीतच असावी.

माणिकरावांचे मोठेपण केवळ अंगबळात नव्हते. बळकट माणसे त्या काळी पुष्कळ होती. त्यांनी ओळखले की, जुनी तालीम एकेका पठ्ठ्यास घडविते. ते उत्तमच, पण शेकडो मुलांस एकदम शिकवावयाचे तर पद्धती हवी. म्हणून त्यांनी जोर, बैठका, लाठी, लेझीम यांचे सांघिक व्यायाम बसविले. त्या काळी शाळांतील कवाईत इंग्रजी हुकमांवर चाले. मुलांस शब्दांचा अर्थ कळत नसे, केवळ आवाज कळे. माणिकरावांनी हुकूम देशी भाषेत आणले. आज आमच्या मैदानावर ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ असे हुकूम निघतात आणि मुले एका तालात पाय आपटतात, तेव्हा एक गोष्ट मुलांच्या ध्यानातही येत नाही. आपल्या भाषेत हुकूम ऐकणे हीसुद्धा कोणीतरी खपून मिळविलेली वस्तू आहे.

दुसरे असे की, जो हाडे मोडावयास शिकवू शकतो त्याने हाडे जोडावयासही शिकले पाहिजे, हा तालमीचा जुना दंडक. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. निखळलेला सांधा बसविणे, मोडलेले हाड जुळविणे, हे काम त्यांच्या व्यायाम मंदिरात चाले. आमच्या उस्तादांकडेही बैलाने पाडलेले, झाडावरून पडलेले लोक येत. सकाळी लाठी फिरविणारे तेच हात दुपारी एखाद्या म्हातारीचे मनगट असे धरीत, की जणू चिमणीचे पिलू धरले आहे.

माणिकरावांच्या शिष्यशाखेचा विस्तार पाहिला म्हणजे शिक्षकाच्या आयुष्याचे मोजमाप कसे करावे हे कळते. १९०७ साली डभईकडील एक गरीब मराठी तरुण त्यांच्याकडे आला. नाव जगन्नाथ गणेश गुणे. संस्कृतात जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविलेला, बडोदे कॉलेजात शिकणारा. १९१० पर्यंत त्याने माणिकरावांपाशी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेरास शिक्षणकार्य केल्यावर याच तरुणाने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांच्या व प्रयोगशाळेच्या साह्याने तपासण्यास आरंभ केला. जगाने त्यांस स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले. तसेच पुराणी बंधू. बडोद्यास माणिकरावांकडे शिकून त्यांनी गुजराथेत गावोगाव आखाड्यांची चळवळ उभी केली. याच बडोद्यातून आबासाहेब मुजुमदार यांनी संपादिलेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून पुढे दहा खंडांत निघाला. एका गावातील मातीने किती प्रकारचे पीक दिले पाहा! एक शिष्य प्रयोगशाळेत गेला, दुसरे खेड्यापाड्यांत गेले, आणि त्याच गावच्या एका विद्वानाने सारी विद्या पुस्तकात उतरवून ठेविली.

आता आमच्या वऱ्हाडाकडे वळू. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्या वाचकांस पाहून ठाऊक आहे. येथून तासाभराच्या वाटेवर ते आहे. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते लावले. हुतात्मा राजगुरू यांनीही काही काळ तेथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकचे सामने भरले, तेव्हा याच मंडळाचे पथक समुद्र ओलांडून गेले आणि मलखांब, लेझीम, हुतूतू असे आपले खेळ त्याने परक्या प्रेक्षकांस करून दाखविले. काळ्या मातीतल्या, कपाशी वेचणाऱ्या प्रांतातील ती मुले! ती स्पर्धेस गेलीच नव्हती. आमच्या येथेही काही विद्या आहे, ती पाहा, एवढेच सांगावयास गेली होती.

मिशनच्या शाळेच्या या अंकात आणखी एका संस्थेचे नाव घेणे उचित होईल. १९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी मद्रासेस यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या वतीने व्यायामशिक्षकांची शाळा काढली. पुढे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकास जे हिंदी पथक गेले त्याची व्यवस्था बक यांनी पाहिली. अमरावती १९१४, मद्रास १९२०, लोणावळे १९२४. दहा वर्षांच्या अवधीत निरनिराळ्या श्रद्धांच्या माणसांनी तीन ठिकाणी एकच गोष्ट सांगितली, ती ही की, शरीर देवाने दिलेली ठेव आहे आणि तिची निगा राखणे पाप नव्हे. संत पौलानेही आपल्या पत्रांत धावणाऱ्यांचे आणि मुष्टियोद्ध्यांचे दृष्टांत दिले आहेत, आणि शरीरास देवाचे मंदिर म्हटले आहे. वडिलांस आम्ही पुढे हे दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “मंदिर आहे म्हणूनच आत काय शिरते ते पाहावे लागते.” हा टोला आम्ही आजवर विसरलो नाही.

आणि आता ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगण्यास आम्हांस अजूनही लाज वाटते.

शिक्षक होऊन आमचे पहिलेच वर्ष होते. गाव दुसरे, शाळा दुसरी. अंगात तालमीची रग, डोक्यात पदवीचा ताठा. नववीतील एका मुलाने वही आणली नाही आणि विचारता खोटे सांगितले. आम्ही त्याच्या कानशिलात दिली. हात आमचा होता, दहा वर्षे मुद्गल फिरविलेला. पोरगा बाकाच्या कडेवर आदळला आणि त्याच्या भुवईतून रक्त आले. वर्ग एकदम स्तब्ध झाला. कोणी तक्रार केली नाही. मुख्याध्यापकांपर्यंत गोष्टही गेली नाही. मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून येईनासा झाला.

रविवारी आम्ही चांदुरास आलो. बोलता बोलता उस्तादांस हे सांगितले. खरे सांगावयाचे तर थोडे समर्थनाच्या सुरात सांगितले, की खोटे बोलणे आपणांसही खपत नसे. त्यांनी हातातील लाठी भिंतीशी टेकून ठेविली. म्हणाले, “म्या तुले हात चालवाले नाही शिकवलं. हात चालवाले बैलालेही येते. म्या तुले हात आवराले शिकवलं, अन् तेच तू इसरला. पोराच्या घरी जाऊन ये. तोवर ही पायरी चढू नोको.”

आम्ही गेलो. गावाबाहेर टिनाच्या छपराचे घर. मुलाचा बाप शेतमजूर. आम्हांस पाहताच तो लगबगीने उठला आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच हात जोडून म्हणाला, “गुरुजी, पोराचं चुकलं, माफी द्या.” वाचकहो, त्या क्षणी आम्हांस जेवढे लहान वाटले तेवढे पूर्वी वाटले नव्हते आणि पुढेही वाटले नाही. ज्याने माफी मागावयाची तो उभा होता, आणि ज्याची मागावयाची तोच हात जोडीत होता! आम्ही त्याचे हात खाली केले आणि बापाची व मुलाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला तेव्हा वर्गासमोरही मागितली. मुलगा दहावी पास होईपर्यंत आमच्या वर्गात होता. सांगितलेले काम करी, विचारलेले उत्तर देई. परंतु त्याने आमच्या डोळ्यांस डोळा पुन्हा कधी दिला नाही. क्षमा मागितली म्हणजे सर्व पूर्ववत होते असे नाही. हेही आम्ही त्याच्याकडूनच शिकलो.

त्यानंतर आम्ही विद्यार्थ्यावर हात उचलला नाही. पुढे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने अशा शिक्षेस बंदी केली, तेव्हा काही सहकाऱ्यांस ती गैरसोयीची वाटली. आम्हांस तो कायदा आमच्या उस्तादांनी आधीच लावून दिलेला होता.

आता त्या कोरियन विद्येविषयी. बाईंस मुदत मागितल्यावर आम्ही तिचा इतिहास चाळला, आणि त्यात आम्हांस एक असा गुरू भेटला, की त्याची गोष्ट चांदूर रेल्वेच्या मुलांस सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचे नाव ह्वांग की. जन्म १९१४ चा. म्हणजे अमरावतीचे मंडळ निघाले त्याच साली. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. त्यांच्या शिष्यांत अशी आठवण सांगतात की, ह्वांग लहान असता एका सणाच्या दिवशी त्यांनी एका मनुष्यास सात-आठ जणांचा हल्ला एकट्याने परतविताना पाहिले. मला शिकवा, म्हणून ते त्याच्याकडे गेले. वय लहान म्हणून त्याने नाकारले. मग हा मुलगा दुरून लपून त्याचा अभ्यास पाही आणि घरी तसेच करून बघे. हे वाचले तेव्हा आम्हांस आमची ती अर्धी भिंत आठवली.

पुढे ह्वांग की रेल्वेत नोकरीस लागले. १९३५ साली मांचुरियाच्या रेल्वेत गेले, तेथे एका चिनी गुरूपाशी शिकले. मग मायदेशी परत येऊन तेथील रेल्वेत काम करू लागले. १५ ऑगस्ट या तारखेस कोरिया मोकळा झाला. आपल्यापूर्वी बरोबर दोन वर्षे, १९४५ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्वांग यांनी सोल शहरातील योंगसान रेल्वे स्थानकाच्या जागेत आपला वर्ग काढला. आरंभी दोन वेळा तो मोडला. लोकांस ती विद्याच अपरिचित होती. त्यांनी नाव बदलले, पुन्हा जमवाजमव केली. शिकणारे पुष्कळसे रेल्वेतलेच कामगार होते, म्हणून लोहमार्गाच्या वाटेने गावोगावच्या स्थानकांवर शाखा निघाल्या. आमचे वडील तिकिटे फाडीत त्याच प्रकारच्या स्थानकांत तिकडे ही विद्या वाढली! १९५० साली युद्ध पेटले आणि सारे पुन्हा विस्कटले. १९५३ नंतर त्यांनी ते पुन्हा उभारले.

त्यांच्या पंथाचे नाव मू डुक क्वान. ‘मू’ म्हणजे युद्धविद्या, ‘डुक’ म्हणजे सद्गुण, ‘क्वान’ म्हणजे घर. चिनी लिपीतील ‘मू’ हे अक्षर दोन खुणांचे बनलेले आहे. एक भाल्याची आणि एक थांबण्याची. म्हणून परंपरेने त्याचा अर्थ लावतात तो ‘भाला थांबविणे’ असा. आमच्या उस्तादांस कोरिया कोठे आहे हे ठाऊक नव्हते. चिनी अक्षर त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. पण हात आवरण्याची जी गोष्ट ते सांगत, तीच तिकडे एका अक्षरात कोरलेली आहे.

तायक्वांदो हे नाव १९५५ साली निघाले आणि १९६० च्या दशकात कोरियातील निरनिराळे पंथ त्या एका नावाखाली आणण्याचा जोराचा प्रयत्न झाला. ह्वांग यांनी आपला पंथ त्यात विलीन करण्यास नकार दिला. त्यासाठी त्यांस न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि त्यांचे बरेच शिष्य त्यांस सोडून गेले. तायक्वांदो २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकात पदकांचा खेळ झाला. ह्वांग त्या वाटेने गेले नाहीत. ते १९७४ साली अमेरिकेत गेले, तेथेच शिकवीत राहिले आणि २००२ साली वारले. त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. परंतु वर्ग दोनदा मोडल्यावर तिसऱ्यांदा काढणारा, आणि शिष्य सोडून गेले तरी शिकविणे न सोडणारा मनुष्य, कोणत्याही शिक्षकाने ओळखीचा म्हणून जवळ करावा असाच आहे.

आठ दिवसांनी त्या बाई आल्या. या वेळी मुलाची आजीही बरोबर होती. आम्ही प्रथम आजींस विचारले, “वर्गात सर आले म्हणजे तुमचा नातू उठून उभा राहतो, ते चालते ना?” त्या म्हणाल्या, ते तर पाहिजेच. आम्ही म्हटले, “तिकडचे वाकणे तेवढेच आहे. ते देवास केलेले वंदन नव्हे; आपल्याकडचा नमस्कार, त्यांच्याकडचे ते वाकणे. तो गुरूस करतात आणि समोरच्या गड्यासही करतात, की मी तुझ्याशी खेळेन, पण तुझा द्वेष करणार नाही.” आजी काही वेळ विचार करीत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग त्यानं आतल्या आत येशूचं नाव घ्यावं.” आम्ही म्हटले, “अवश्य घ्यावे.”

बापाची भीती मात्र आम्ही खोटी ठरविली नाही, कारण ती खोटी नाही. बळ हे विस्तवासारखे आहे. त्याने चूल पेटते आणि गंजीही पेटते. गेथशेमाने बागेत पेत्राने तरवार उपसली तेव्हा प्रभूने त्यास ती म्यानात घालावयास सांगितले. ज्याच्यापाशी तरवारच नाही त्यास ती आज्ञा पाळण्याचा प्रसंग येत नाही. ज्याच्यापाशी आहे त्यासच ती पाळावी लागते. म्हणून आम्ही बाईंस एवढेच सांगितले: “वर्गाची पाटी पाहू नका, पट्ट्याचा रंग पाहू नका. एक आठवडा जाऊन भिंतीपाशी उभ्या राहा. शिकविणारा मनुष्य चिडल्यावर काय करतो, कच्च्या मुलाशी कसा बोलतो, आणि हरलेल्या मुलास कोण उठविते, एवढे पाहा. मग ठरवा.”

बाई सात दिवस गेल्या. मुलगा आता त्या वर्गास जातो. परवा कळले की, पहिल्याच महिन्यात त्याने मैदानावर एका मुलास ढकलले आणि त्या शिक्षकाने त्यास दोन आठवडे बाजूस बसवून ठेविले. त्याची आई सांगताना काहीशी नाराज होती. आम्हांस मात्र फार दिवसांनी कोणी जुना ओळखीचा भेटावा तसे वाटले.

आमचे उस्ताद काही वर्षांपूर्वी वारले. दर नाताळास ते आमच्या घरी येत, ओसरीवर बसत, आईच्या हातची करंजी खात आणि वडिलांस ‘बाबूसाहेब’ म्हणत. त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा सेवानिवृत्त झालेले आमचे वडील काठी टेकीत शेवटपर्यंत चालत गेले. परत येताना आखाड्याच्या पायरीपाशी थांबले, वाकले, आणि ज्या मातीस स्पर्श करण्याची आम्हांस सक्ती नव्हती ती चिमूटभर उचलून त्यांनी रुमालात बांधली. आम्ही काही विचारले नाही. तो रुमाल आमच्या घरी अद्याप आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुम्ही लाठी शिका, मलखांब शिका, कबड्डी खेळा किंवा तायक्वांदोचा पट्टा बांधा. विद्येस देश नाही. परंतु ज्या दिवशी तुमच्या हातात बळ येईल त्या दिवशी त्यास आवरणारा लगामही तुमच्याच हाती येवो, आणि तो लगाम हाती देणारा एखादा जुम्मादादा, एखादा माणिकराव, नाहीतर एखादा कौलारू छपराखालचा उस्ताद तुम्हांस लाभो, अशी त्या परमपित्यापाशी आमची प्रार्थना आहे.